सोळा अल्बमांचा सम्राट

केडगावच्या सम्राट भिंगारदिवेचा नंबर पारनेर, श्रीगोंदा आणि संगमनेर या तीन तालुक्यांतल्या बऱ्याच लोकांच्या मोबाईलमध्ये आहे. बहुतेकांनी तो ‘पुंगीवाला’ या नावाने ठेवला आहे. सम्राट पुंगी वाजवत नाही. पुंगी त्याच्या हातात कुणी कधी पाहिलेली नाही. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, वीसेक वर्षं झाली, आणि त्यातली सतरा त्याने ‘भुईकोट’ नावाच्या रॉक बँडमध्ये काढली.

घरात वाजवणारं कुणी नव्हतं. वडील उत्तमराव एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे नाना म्हणतात. एक टेप होता, तो बहुतेक वेळा दुरुस्तीला गेलेला असे. सम्राट दहावीत असताना चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला बाहेरगावची गायन पार्टी आली. तिच्यात एक गिटारवाला होता. तो कोपऱ्यात उभा राहून शेवटपर्यंत मान हलवत वाजवत होता, आणि त्याच्या गिटारची वायर जोडायची राहून गेली होती हे कार्यक्रम संपल्यावर पार्टीच्या लक्षात आलं. म्हणजे सम्राटने गिटार पहिल्यांदा ऐकली नाही, नुसती पाहिली. तरी त्याने ठरवून टाकलं.

“काय बघितलंस त्याच्यात एवढं?” नानांनी विचारलं.

“त्याला मधे कुणी काही सांगत नव्हतं,” सम्राट म्हणाला.

नाना चालत्या गाडीत अखंड काही ना काही ऐकून घेणारे गृहस्थ. त्यांना हे कारण पटलं.

कॉलेजात हर्षल गाणारा, छगन ड्रमवाला आणि सम्राट यांनी मिळून भुईकोट सुरू केला. नगरमध्ये ‘आमचा बँड आहे’ असं सांगितलं की समोरचा विचारतो, “घोडा तुमचाच, की वेगळा सांगायचा?” पहिली दोन वर्षं तिघांनी या प्रश्नाचं उत्तर समजावून दिलं. नंतर तो नाद सोडला. गॅदरिंगं झाली, गणपती झाले, मग लग्नं आणि हळदी आल्या आणि त्याच राहिल्या. सम्राट एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पहिली पाळी करायचा आणि उरलेल्या वेळात गिटार. बँडची स्वतःची चार गाणी होती. ती सुरू झाली की मंडपातली माणसं उठून जिलेबीच्या रांगेत लागत. सम्राटला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. जिलेबी गरम असे.

पुंगी आली ती अपघाताने. सहा वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यात एका हळदीला हर्षलचा माईक बंद पडला. माईक सुरू होईपर्यंत काहीतरी वाजवायला हवं होतं. सम्राटने पायाखालचं पेडल दाबलं आणि गंमत म्हणून गिटारमधून पुंगीचा आवाज काढला. नवरदेवाचे मामा शर्टाची दोन बटणं उघडून जमिनीवर आडवे झाले. एका पाहुण्याने रुमालाचं एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि तो मामांना डोलवू लागला. माईक थोड्याच वेळात दुरुस्त झाला, पण त्याची कुणाला गरज उरली नव्हती. मामांना शेवटी चौघांनी उचलून खुर्चीत बसवलं, तेव्हा ते ‘अजून एकदा’ एवढंच म्हणत होते.

त्या हळदीनंतर सुपारी द्यायला येणारा माणूस गायक कोण हे विचारेनासा झाला. “पुंगीवाले येणार ना?” एवढीच त्याची खात्री करून घ्यायची असे.

गेल्या वर्षी मे महिन्यात संगमनेरला एका दुपारच्या लग्नात भुईकोटने स्वतःच्या गाण्याने सुरुवात केली. सम्राटची बोटं सोलोपर्यंत पोचायच्या आत नवरीच्या चुलत्याची चिठ्ठी स्टेजवर आली. चुलत्याचं नाव गोरक्ष वाकचौरे, मोठा दूधवाला शेतकरी. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पुंगी. लगेच.’ हर्षलने ती माईकवरून वाचून दाखवली आणि मंडपाने टाळ्या वाजवल्या. सम्राटने पुंगी वाजवली. जेवणं झाल्यावर पुन्हा वाजवली. नवरी निघाली तेव्हाही वाजवली. नवरी रडत होती, म्हणून जरा हळू वाजवली.

परतताना टेम्पो कोल्हारला चहासाठी थांबला.

“हर्षल, पुढच्या कार्यक्रमापासून पुंगी बंद,” सम्राट म्हणाला.

“बंद कशी? मी तर उलटा विचार करतोय. सुरुवात पुंगीने करायची आणि शेवटही पुंगीने.”

“आणि मधे?”

“मधे जेवण.”

छगन हसला. सम्राट हसला नाही. “मग मी सोडतो,” तो म्हणाला.

“काय, चहा?”

“बँड.”

हर्षलने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसली. “अरे राव, तू सोडलास तर पुंगी कोण वाजवणार?”

सतरा वर्षांच्या दोस्तीनंतर हर्षलला पहिला प्रश्न हा सुचला. सम्राटने चहा संपवला, टेम्पोतून गिटार उतरवली आणि तो कोल्हारच्या स्टँडवर नगरच्या गाडीची वाट पाहत उभा राहिला. टेम्पो त्याच्या समोरूनच गेला. छगनने हात केला. सम्राटनेही केला.

सम्राटकडे स्वतःच्या सहा रचना होत्या. कामावर जाता-येता गाडीवर सुचलेल्या, शब्द नसलेल्या, नुसत्या गिटारच्या. सगळ्या मिळून चाळीस मिनिटांच्या. त्यांचा अल्बम काढायचा, असं त्याने ठरवलं. त्यामागे त्याची इच्छा एकच होती. कुणीतरी, एका माणसाने तरी, या सहाही रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकाव्यात आणि मधे पुंगी मागू नये. इच्छा तशी लहान होती. पण सतरा वर्षांत ती पुरी झाली नव्हती, आणि आता झाली नाही तर आपण पुंगीवालेच, हे त्याने स्वतःशी कबूल केलं होतं.

पहिली अडचण शब्दाची आली. केडगावात अल्बम दोन प्रकारचा असतो. एक लग्नाच्या फोटोंचा. दुसऱ्यात गॉगल घातलेला हिरो उसाच्या बांधावर नाचतो आणि हिरोईन त्याच्याकडे आधी रागाने, नंतर प्रेमाने बघते. तिसरा प्रकार कुणाला ठाऊक नव्हता.

“हिरोईन कोन हाय?” सम्राटच्या आईने, कलाबाईंनी, भाजी निवडताना विचारलं.

“आई, हिरोईन नाही.”

“नाचनारं?”

“कुणी नाचत नाही.”

“मंग जयमालाची काय हरकत न्हाई,” कलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

जयमाला, सम्राटची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गात प्रश्न विचारतात तसे ती घरातही एकामागून एक विचारते.

“अहो, तुम्ही त्यात दिसणार का?”

“नाही.”

“गाणार?”

“नाही.”

“मग लोकांना कळणार कसं की हे तुम्ही आहात?”

“वाजवण्यावरून.”

जयमालाने थोडा विचार केला. “मग थोडी पुंगी ठेवा,” ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला ती सोय वाटली.

रेकॉर्डिंग सावेडीत सृष्टी नावाच्या मुलीच्या स्टुडिओत झालं. एका बंगल्याच्या वरच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून तिने तो केला होता. तिचं मुख्य काम पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी आणि निवडणुकीतली प्रचारगीतं. त्यामुळे गाण्यात माणसाचं नाव कुठे आणि किती वेळा यावं याची तिला चांगली जाण होती.

“सर, पहिल्या कडव्याला जागा किती सोडू?” तिने विचारलं.

“कडवं नाही.”

“नुसता मुखडा?”

“तोही नाही.”

“मग शेवटी कुणाचं तरी नाव? सौजन्य वगैरे?”

“नाही.”

सृष्टीने मान हलवली आणि मशीन सुरू केलं. पहिल्या तीन रचना सरळ झाल्या. चौथीचं नाव ‘विळद घाट’. ती नऊ मिनिटांची. तिच्या मध्यावर सम्राट गिटार अॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ नेऊन धरतो आणि गिटार आपोआप किंचाळायला लागते. तो ती किंचाळी दीड मिनिट सोडत नाही, नुसती वळवत राहतो. सृष्टीने कानावरचे हेडफोन काढले, मशीनच्या मागच्या वायरी तपासल्या आणि पुन्हा बसली.

“सर, हे काढायचं ना?”

“हे ठेवायचं,” सम्राट म्हणाला. “बाकीचं हे यावं म्हणून आहे.”

पाचवी आणि सहावी शांत होती. अल्बमचं नाव त्याने ‘केडगाव बायपास’ ठेवलं. कलाबाईंनी शेजारणीला ते सांगितलं, तेव्हा शेजारीण संध्याकाळी डबा घेऊन आली आणि नानांची तब्येत आता कशी आहे, असं विचारू लागली. नाना अंगणात सायकलची चेन बसवत होते.

प्रकाशन सावेडीतल्याच एका क्लासच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ठरलं. फ्लेक्सचं काम केडगावच्या कल्याणकडे दिलं. कल्याण फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापतो, आणि गावात त्याची ख्याती अशी की त्याच्याकडून चुकीचा शब्द बाहेर पडत नाही. सम्राटने त्याला मोबाईलवर मजकूर पाठवला होता: ‘सम्राट भिंगारदिवे यांच्या पहिल्या सोलो अल्बमचा प्रकाशन सोहळा’. शनिवारी संध्याकाळी तो फ्लेक्स न्यायला गेला. फ्लेक्सवर लिहिलं होतं: ‘सम्राट भिंगारदिवे यांच्या पहिल्या सोळा अल्बमचा प्रकाशन सोहळा’.

“कल्याण, हे सोळा काय आहे?”

“तुम्ही ल टाकला होता,” कल्याण समजुतीच्या सुरात म्हणाला. “मोबाईलवर सगळ्यांचंच होतं. मी ळ केला. तर ते ‘सोळो’ झालं. सोळो असा शब्दच नाही. म्हणून मात्रा काढली.”

“सोलो म्हणजे एकट्याचा.”

कल्याणने फ्लेक्स पुन्हा एकदा वाचला. त्याला चूक सापडली नाही. “बरं, मग एकट्याने सोळा. उलट शोभतंय की, भाऊ.”

“मी एक काढलाय.”

“पट्टी मारून देऊ का वर? पण पट्टी दिसती. लोकांना वाटतं, खाली काहीतरी लपवलंय.”

सम्राटने पट्टी मारून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या दारावर सोळा अल्बम झळकले.

हर्षल गुच्छ घेऊन आला. त्याने फ्लेक्ससमोर उभं राहून तो दोनदा वाचला. “पंधरा कधी काढलेस रे? आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस,” तो म्हणाला. मग फ्लेक्सचा फोटो काढून त्याने मोबाईलच्या स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, ‘आमचा मित्र. सोळा.’ कौतुक की टिंगल, हे त्याच्या तोंडाकडे बघून सम्राटला ठरवता आलं नाही. विचारलंही नाही.

ठरलेली वेळ झाली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि पाहुणे यायचे होते. सम्राट दारात घुटमळत होता. नाना पहिल्या रांगेतून म्हणाले, “सोड रं. गाडी टायमाला सोडायची. पाशिंजर हायेत का न्हाई, ते मागनं बघायचं.”

सृष्टीने पहिली रचना लावली. लोक ऐकत होते, निदान गप्प होते. दुसरी निम्म्यावर आली आणि प्रमुख पाहुणे आले. पाहुणे माजी नगरसेवक. गाणं बंद करून त्यांना शाल दिली. ते बाहेरचा फ्लेक्स वाचून आत आले होते, त्यामुळे बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांची तयारी चांगली होती. “सोळा!” ते म्हणाले. “मित्रहो, सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया. सोळा कलांनी चंद्र पूर्ण होतो. आमच्या माता-भगिनी सोळा सोमवार करतात. सम्राटभाऊंनी मात्र सोळा अल्बम केले!” सम्राटने मधे बोलायला तोंड उघडलं. नगरसेवकांनी त्याला नम्रता समजून हाताने खाली बसवलं. भाषण संपलं तेव्हा ते घाईत होते. ते निघाले, त्यांच्यामागे त्यांचे लोक निघाले, आणि उरलेले पोह्यांकडे वळले. दुसरी रचना जिथे थांबली होती तिथेच राहिली.

पोहे खाता खाता एका जुन्या ओळखीच्या माणसाने सम्राटला बाजूला घेतलं. “सोळांत पुंगी कितव्यात आहे?” त्याने विचारलं.

अल्बम त्याच दिवशी इंटरनेटवरही चढवला होता. किती लोकांनी तो कुठपर्यंत ऐकला हे तिथे दिसतं. सम्राटने ते आठवड्याने एकदा पाहिलं. त्यानंतर पुन्हा पाहिलं नाही. जयमालाने घरी स्वयंपाक करताना दोनदा लावला, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या रचनेत कुकर झाला. नानांनी तो संपूर्ण ऐकला असं ते सांगत, पण चौथी कशी वाटली हे विचारल्यावर “बरी हाय की, शांत हाय,” असं म्हणाले.

आणि मग एका मंगळवारी, पाळी संपवून सम्राट गाडी काढत असताना, फोन वाजला.

“पुंगीवाले का?”

“सम्राट भिंगारदिवे बोलतोय.”

“तेच ते. मी गोरक्ष वाकचौरे, संगमनेरवरनं. पुतनीच्या लग्नात तुमी आल्ते.”

“चिठ्ठी पाठवली होती, ते तुम्ही.”

“व्हय, मीच! लई भारी वाजवलं तुमी. ते हर्षल गायक हाय ना, त्येच्या स्टेटसला बघितलं. सोळा काढले म्हनं तुमी?”

“एकच आहे. फ्लेक्सवर चुकलंय.”

“एकच?” पलीकडे गोरक्षने कुणाला तरी ‘एकच हाय म्हनत्यात’ असं सांगितलेलं ऐकू आलं.

“आणि त्यात पुंगी नाही,” सम्राट म्हणाला. फोन ठेवायची त्याची तयारी झाली होती.

“पुंगी नकोच. गानं बी नको. तसं हाय का तुमच्याकडं, शब्द नसलेलं?”

सम्राटने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. “सगळं तसंच आहे. का?”

“गोठ्यात लावायचंय.”

गोरक्षकडे साठ संकरित गाई आहेत. मोकळा गोठा, यंत्राने धार. धारेच्या वेळी संथ संगीत लावलं तर गाई निवांत राहतात, असं त्याला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. रेडिओ लावला तर जाहिरात आली की गाई दचकत. सिनेमाची गाणी लावली तर कामावरची माणसं गात बसत. भजनं लावली तर गोरक्षची आई राहीबाई हातातलं काम टाकून टाळ्या धरी. शब्द आले की माणसं बिघडतात, हे गोरक्षच्या ध्यानात आलं होतं.

“मग लग्नात पुंगी कशाला मागितली?” सम्राटने विचारलं.

“ती मानसांसाठी, भाऊ. गाईपुढं पुंगी वाजवली तर कुंपन मोडून आळेफाटा गाठतील.”

सम्राटने अल्बम पाठवला. तो गोठ्यात सकाळ-संध्याकाळ वाजू लागला. आठ दिवसांनी गोरक्षचा निरोप आला: ‘दूध स्थिर आहे.’ ‘केडगाव बायपास’वर घराबाहेरून आलेला हा पहिला अभिप्राय. सम्राटने तो जयमालाला वाचून दाखवला. ती म्हणाली, “म्हणजे चांगलं की वाईट?” सम्राटलाही ते नक्की ठरवता आलं नाही. पण कुणीतरी रोज ऐकतंय, एवढं खरं होतं. महिन्याने दुसरा निरोप आला: ‘चौथ्यात अडचण आहे. एकदा या.’

तो रविवारी गेला. गोठा संगमनेरच्या पुढे, चंदनापुरीच्या अलीकडे. धारेची वेळ झाली होती. धार काढायच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंना सहा-सहा गाई उभ्या होत्या, बाकीच्या बाहेर आवारात पाळीची वाट पाहत होत्या. खांबाला तारेने स्पीकर बांधलेला. त्यातून सम्राटची पहिली रचना येत होती, आणि यंत्राची धडधड तिला ताल धरून चालल्यासारखी वाटत होती. राहीबाई पलीकडे बादली विसळत होत्या.

“हेच का रं ते तारा ओढनारे?” त्यांनी गोरक्षला विचारलं.

“हेच, आई.”

“बारीक हायेत,” राहीबाई म्हणाल्या.

पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. गाई रवंथ करत होत्या. स्वतःच्या रचना सलग वाजताना सम्राट घराबाहेर पहिल्यांदाच ऐकत होता. तिसरी संपली आणि एकदम पाचवी सुरू झाली.

“चौथी कुठे गेली?”

“ती गाळतो,” गोरक्ष म्हणाला. “पयल्या दिवशी लावली, तर निम्म्या गाईंनी पान्हा चोरला. वाटलं, नवीन हाय, सवय हुईल. चार दिवस लावून बघितली. न्हाई झाली सवय.”

“मला बघायचंय.”

“बघायचं काय त्यात?”

“एकदा लावा.”

“लाव रं,” राहीबाई म्हणाल्या. “पाव्हन्याला सांगून पटत न्हाई, तर दावून दे.”

नव्या बारा गाई आत घेतल्या. सडांना यंत्राचे कप लावले, पारदर्शक नळ्यांमधून दूध जोरात धावू लागलं आणि गोरक्षने चौथी लावली. पहिली चार मिनिटं काही झालं नाही. मग गिटार किंचाळली. बारा गाईंचे चोवीस कान एकाच वेळी स्पीकरकडे वळले. जबडे थांबले. आवारातल्या गाईंनीही माना वर केल्या. चंद्री नावाच्या गाईने लाथ झाडून कप पाडले. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत, नुसत्या ताठ उभ्या राहिल्या, आणि नळ्यांमधलं दूध आधी बारीक झालं, मग थांबलं. दीड मिनिट शेडमध्ये त्या आवाजाशिवाय आणि रिकाम्या धडधडणाऱ्या यंत्राशिवाय काही नव्हतं.

सतरा वर्षांत सम्राटच्या वाजवण्याकडे इतक्या जणांनी एकदम मान वर करून पाहिलं नव्हतं. हे बोलून दाखवायची ती जागा नव्हती.

गोरक्षने बटण दाबलं. “बघितलं? लबाड न्हाईत त्या. त्यांना खरंच सोसत न्हाई.” त्याने चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. “आता माझं ऐका. तेवढी किंचाळी काढून द्या. दीड मिनटाचा तर प्रश्न हाय. आन् तसले आनखी करा. सोळा करा खरंच. आमचा गोठेवाल्यांचा ग्रुप हाय, चाळीस जन हायेत, सगळे घेत्यात. तुमचं नाव बी लावू गोठ्यावर. पुंगीवाले न्हाई, पूर्ण नाव.”

सम्राट खांबाला टेकून उभा होता. मंडपातली माणसं त्याच्याकडे त्याच्याजवळ नसलेलं मागत होती. इथे जे आहे ते काढून टाका म्हणत होते. मागणारे भले होते, कारण खरं होतं, आणि मागणी आदराने केली होती. हर्षलने असं विचारलं असतं तर कदाचित तो आजही भुईकोटमध्ये असता.

“काढणार नाही,” तो म्हणाला.

“आवो, गाईंसाठी.”

“गाईंना लावू नका. बाकीची पाच लावा, हवी तितकी वर्षं लावा. पण चौथी कापून देणार नाही.”

“मंग ती चौथी वाजवली कुनासाठी?” राहीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, चौकशी होती.

“ते माहीत नाही, मावशी,” सम्राट म्हणाला.

“मानसाला सगळंच ठावं असतं असं न्हाई,” राहीबाई म्हणाल्या आणि चंद्रीला चुचकारायला गेल्या. तिचा पान्हा परत यायला बराच वेळ लागला.

गोरक्षला आळेफाट्याला सरकी पेंड आणायला जायचं होतं. तिथे सम्राटला नगरची गाडी मिळाली असती, म्हणून दोघं पिकअपमधून निघाले. आपण नाही म्हटल्याचा राग गोरक्षला आला असेल, असं सम्राटला वाटत होतं. चंदनापुरी घाटाचा पायथा आला तसा गोरक्षने एका हाताने चाचपून गाडीतलं गाणं सुरू केलं.

‘विळद घाट’ होती. पहिल्यापासून.

“हे इथे कसं?” सम्राटने विचारलं.

“गाईंना नको म्हनून फेकून द्यायचं व्हय? गाळलेलं कुठंतरी वापरायला पायजे. रोज दूध न्हेताना हितं लावतो मी.”

“रोज?”

“बाकीची पाच गोठ्यात व्हत्यात. ही राहती.”

पिकअप वळणं घेत चढू लागली. चार मिनिटांनी किंचाळी आली. गोरक्षने गिअर खाली घेतला, डोळे रस्त्यावर. “पयल्या बारीला हितंच मी बी ब्रेक दाबला हुता,” तो मोठ्याने म्हणाला. “मागच्या ट्रकवाल्यानं आयमाय काढली.”

“आणि आता?”

“आता ठावं हाय. आता हात टाईट धरतो.”

“पूर्ण ऐकता? शेवटपर्यंत?”

“मंग काय करनार? घाटात थांबता येत न्हाई,” गोरक्ष म्हणाला.

वर पोचल्यावर रचना संपली. गोरक्षने पुढचं काही लावलं नाही. थोडं अंतर गेल्यावर त्याने विचारलं, “नाव काय म्हनले हिचं?”

“विळद घाट.”

“तो कुठला?”

“नगरजवळ आहे. मनमाड रोडला.”

“त्यो काय घाट हाय का? चंदनापुरी ठेवा. हितं लई फिट बसती.”

सम्राट म्हणाला, विचार करतो. आळेफाटा येईपर्यंत त्याने खरोखर विचार केला. स्टँडसमोर पिकअप थांबली तेव्हा तो खाली उतरला, गोरक्षच्या खिडकीशी आला आणि नाव बदलणार नाही म्हणून सांगितलं.

“बरं, ऱ्हाऊ द्या,” गोरक्ष म्हणाला. “मी तरी चंदनापुरीच म्हननार.”